डहाळा जमिनीला टेकू नये

मी एक जुनी आकडी आहे, मित्रांनो. हसू नका. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला कधी पाहिलंच नसेल, आणि ज्यांनी पाहिलं असेल त्यांनी मला काठी समजून बाजूला सारलं असेल. काठी वेगळी आणि मी वेगळी, हे आधी नीट ध्यानात ठेवा. माझं अंग लांब वेळूचं आहे आणि टोकाला लोखंडाचा वाकडा आकडा आहे. उंचावरची फांदी त्या आकड्यात धरायची आणि खाली ओढायची, एवढंच माझं काम. मी कापत नाही. कापायला विळा असतो, आणि त्याचा तोरा काही विचारू नका. पण मी फांदी खाली आणली नाही तर विळा काय हवा कापणार आहे?

माझा वेळू किनवटच्या जंगलातला. तिथून गाडीत पडून मी जळकोटच्या बाजारात आले. बाजारात मला माणिकप्पांनी निवडलं. आधी त्यांनी मला वाकवून पाहिलं, मग कानाजवळ नेऊन टिचकी मारली, आणि मग म्हणाले, ही चालंल. गावच्या लोहारानं आकडा घडवला, तापवून माझ्या टोकात ठोकला आणि वर तार आवळली. त्या दिवशी मला फार दुखलं. पण माणिकप्पांनी घरी नेऊन मला तेल लावलं, गोठ्याच्या भिंतीवर दोन खुंट्या मारून आडवं ठेवलं आणि पोरांना बजावलं, हिला उन्हात टाकायचं नाही. असा मान मिळाल्यावर दुखणं कुठं आठवतं?

माणिकप्पांचं घर लिंगायतांचं. त्यांना दोन मुलगे. थोरला सिद्धराम, धाकटा मल्लेश. दावणीला देवणी जातीच्या दोन गाई, मागं थोडं रान, आणि रानाच्या मधोमध एक आंबा. गावरान आंबा, माणिकप्पांनी स्वतः लावलेला. माझं सगळं आयुष्य त्या आंब्याभोवती गेलं.

मित्रांनो, माझ्या आकड्यातून जन्मभर एकच वस्तू गेली. पुस्तकात तिला शाखा म्हणतात, पण आमच्या गावात शाखा म्हटलं की लोकांना बँकच आठवते. आम्ही म्हणायचो खांदी. कुणी शहाणा असला तर फांदी म्हणायचा. पानांसकट हातभर तोडली की ती डहाळी, आणि चांगला दणकट पसारा असला की डहाळा. पाडव्याला गुढीला बांधायला लिंबाचा आणला तर तो ढाळा. पानं झडून वाळली की काटकी, आणि चुलीपुढं पडली की जळतण. लवचीक, सरळ, पोरांच्या पोटऱ्यांना ओळखणारा तो फोक. पूजेला बसलेल्या जंगमांच्या हातात गेली की त्याच काडीची समिधा व्हायची. माणिकप्पांची बहीण गुणाबाई कन्नड मुलखात दिलेली होती आणि पुढं माहेरीच येऊन राहिली. ती अजून फांदीला कोंबे म्हणते, आणि कुणी हसलं तर त्याला दोन सुनावते. मला सगळी नावं कळतात. कुणी कुठलं नाव घेतं यावरून तो फांदीकडं कोणत्या नजरेनं बघतो तेही कळतं.

गाईंना पाला, चुलीला काटक्या, गुढीला ढाळा, श्रावणात महादेवाला बेलाच्या डहाळ्या, असं माझं वर्ष सरायचं. पण माझा खरा मान लग्नात. आमच्या घरची रीत अशी की लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवावर घालायचे डहाळे घरच्याच आंब्याचे आणायचे. एकानं माझ्या आकड्यानं फांदी खाली ओढून धरायची आणि दुसऱ्यानं विळ्यानं कापायची. दोघंही आंब्याच्या घरचेच पाहिजेत, भाड्याचा हात चालायचा नाही. त्यात एक तरी नवरीचा काका पाहिजे. नवरीनं स्वतःच्या डहाळ्याला हात लावायचा नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे डहाळा जमिनीला टेकू द्यायचा नाही. खाली कुणीतरी पदर नाहीतर घोंगडी धरून झेलायचा. टेकला तर तो जनावरापुढं टाकायचा आणि दुसरा काढायचा.

भावकीतल्या कितीतरी पोरींचे डहाळे मी काढले. मला धरायचा सिद्धराम आणि विळा असायचा मल्लेशकडं. काय जोडी होती म्हणून सांगू. सिद्धराम कधी जोरानं हिसडा मारायचा नाही. मला फांदीच्या बेचक्यात अलगद बसवायचा, आपलं वजन हळूहळू टाकायचा आणि फांदी आपणहून वाकल्यासारखी खाली यायची. मल्लेशचा विळा एका झटक्यात चालायचा, साल सोलवटायची नाही. सिद्धरामची बायको नीलाबाई पदर पसरून खाली उभी असायची. तिची मुलगी मंजुश्री लहान होती तेव्हा तीही आईच्या पदराचं एक टोक धरायची आणि डहाळा पडला की आपल्यामुळंच झेलला गेला असं गावभर सांगायची.

माणिकप्पा गेले आणि रानाची वाटणी झाली. वाटण्या सगळीकडं होतात, त्यात काही वावगं नव्हतं. पण मोजणीत नवा बांध नेमका आंब्याच्या बुंध्यावरून गेला. झाड दोघांचं ठरलं. बुंधा बांधावर, अर्ध्या खांद्या सिद्धरामच्या रानावर, अर्ध्या मल्लेशच्या. मी गोठ्यासोबत सिद्धरामच्या वाट्याला आले. घरंही दोन झाली, मध्ये एक भिंत उठली.

आंब्याच्या सावलीत सोयाबीन नीट येत नाही. फुलं गळतात, शेंगा पोचट राहतात. सिद्धरामच्या बाजूला गुरं बांधायची जागा होती, त्याला सावली हवीच होती. मल्लेशच्या बाजूला मात्र पेरा होता. मल्लेशनं थोरल्या भावाला विचारलं, अण्णा, माझ्या बाजूच्या खांद्या थोड्या उतरवू का? सिद्धराम म्हणाला, आंबे उतरले की बघू. आंबे उतरले, तेव्हा म्हणाला, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली, तेव्हा म्हणाला, आता मोहर येईल. सिद्धराम वाईट नव्हता, मित्रांनो. बापानं लावलेल्या झाडाला पहिला घाव आपल्या हुकमानं पडावा, हे त्याच्या जिवावर येत होतं, आणि ते त्याला बोलून दाखवता येत नव्हतं. मल्लेशही वाईट नव्हता. त्याचं पीक वर्षामागून वर्ष जात होतं.

मग एका माघात सिद्धराम उदगीरच्या बाजाराला गेला असताना मल्लेशनं मशीनच्या करवतीचा माणूस बोलावला आणि आपल्या बाजूच्या दोन मोठ्या खांद्या पाडल्या. झाड मोहरानं भरलेलं होतं. मी गोठ्यात आडवी होते, मला नुसती घरघर ऐकू येत होती. नंतर दोनदा जमीन हादरली. कुणी ओढून धरलं नाही, कुणी झेललं नाही. एवढ्या मोठ्या खांद्या धाडकन मातीत गेल्या.

सिद्धराम संध्याकाळी आला तेव्हा रानात मोहराचा सडा पडला होता. त्याचा चेहरा पाहून मल्लेशही वरमला असावा. पण वरमलेला माणूस कधीकधी नको ते बोलून जातो.

"चार काटक्या तोडल्या, अण्णा," तो म्हणाला. "झाड न्हाई तोडलं."

"काटक्या?" सिद्धराम म्हणाला. "अप्पाच्या हातच्या खांद्या होत्या त्या."

बस्स, एवढंच. त्यानंतर दोघा भावांत बोलणं राहिलं नाही. एका भिंतीला लागून दोन घरं, एका विहिरीचं पाणी, आणि शब्द नाही. मल्लेश वाट पाहत होता की अण्णाचा राग उतरेल. सिद्धराम वाट पाहत होता की मल्लेश येऊन चुकलो म्हणेल. मी आंब्याखाली पाला काढताना दोघांनाही पाहायची. एक बांधावर आला की दुसरा उठून जायचा. माझ्या अंगाचा नुसता संताप व्हायचा. दोन ढांगांचं अंतर होतं हो, आणि दोघंही मागं सरत होते.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर सिद्धराम मुदखेडला पाहुण्यांकडं गेला आणि तिथंच छातीत कळ येऊन वारला. गाडीतून त्याला घरी आणलं. अंगणात माणसं मावत नव्हती. मला कुणीतरी दार अडवते म्हणून गोठ्यातून काढून रानात नेलं आणि आंब्याच्या बेचक्यात उभं करून ठेवलं, म्हणून घरात पुढं काय झालं ते मी गुणाबाईच्या तोंडून नंतर ऐकलं. मल्लेश खांदा द्यायला पुढं झाला. नीलाबाईनं सगळ्यांसमोर त्याला अडवलं. ज्या हातानं झाड तोडलं तो हात यांना लागू नये, असं ती म्हणाली. मल्लेश मागं झाला. सख्खा भाऊ असून तो मयतीच्या मागून, सगळ्यांत शेवटी, परक्यासारखा चालत गेला.

पुढचं मात्र मी स्वतः पाहिलं आणि स्वतः ऐकलं. माती देऊन माणसं परतल्यावर मल्लेश एकटाच आंब्याकडं आला. जिथं करवत फिरली होती तिथं त्यानं तळहात टेकला. मग गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं आणि म्हणाला, "अण्णा, आजपासून या झाडाला माझ्या हातचं पातं लागणार न्हाई." आणि तो लहान पोरासारखा रडला.

मी तिथंच होते. पण मला कोण विचारतं? वेळूला तोंड असतं तर त्याच पावली नीलाबाईकडं जाऊन सांगितलं असतं. तसं ते नाही. मला कुणीतरी परत गोठ्यात आणून खुंटीवर टाकलं आणि मी ते ऐकलेलं अंगात घेऊन पडून राहिले.

वर्षं गेली. तोडलेल्या खांद्यांच्या जागी धुमारे फुटले, धुमाऱ्यांच्या डहाळ्या झाल्या, डहाळ्यांच्या पुन्हा खांद्या. आंबा मल्लेशच्या बाजूला पहिल्यापेक्षा जास्त दाटला. त्याच्या पिकाच्या कडेचे तास, म्हणजे ओळी, दर साली सावलीत जायचे आणि तो बघत बसायचा. झाडाखाली वाळून पडलेली काडीसुद्धा तो चुलीसाठी उचलायचा नाही. नीलाबाईला वाटायचं, बघा, कसा उलटा माणूस आहे, बापाच्या झाडाकडं ढुंकून बघत नाही. ती हे गुणाबाईला सांगायची, गुणाबाई मान हलवायची, आणि मी भिंतीवर तळमळत असायची.

मलाही आता कुणी विचारत नव्हतं. गाई विकल्या गेल्या होत्या. चुलीच्या जागी गॅस आला होता. माझी तार सैल झाली, आकड्यावर गंज चढला, वेळूला भुंगा लागायला सुरुवात झाली. कुणी मला कपडे वाळत घालायला वापरलं, कुणी कोळ्याची जाळी काढायला. मित्रांनो, ज्या अंगानं लग्नाचे डहाळे वाहिले त्या अंगावर ओली फडकी पडली की कसं वाटतं ते तुम्हाला काय सांगू.

मंजुश्री मोठी झाली. नांदेडला राहून नर्सिंग शिकली, तिथंच दवाखान्यात लागली. देवणी गावचं स्थळ आलं, मुलगा तिला पसंत पडला, वैशाखातली तारीख निघाली. घरात नीलाबाई, मंजुश्री आणि म्हातारी गुणाबाई. लग्न झालं की उरणार दोघीच, आणि गुणाबाईचं वय पाहता उद्या नीलाबाई त्या घरात एकटीच. मंजुश्रीला याचाच घोर लागला होता. ती आईला फोनवर म्हणायची, रात्री-बेरात्री काही झालं तर तू हाक कुणाला मारणार? भिंतीपलीकडं माणूस आहे आणि तुझी हाक तिकडं जात नाही. नीलाबाई विषय बदलायची.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी उदगीरचा मांडववाला आला. त्यानं पांढरी कापडं ताणली, दिव्यांच्या माळा सोडल्या आणि एका पोत्यातून हिरवीगार प्लॅस्टिकची पानं काढली. ती मांडवाला गुंडाळली की झालं, म्हणाला, आता डहाळे कोण आणतंय? नीलाबाईनं हो म्हटलं. तिला ते सोयीचं होतं. डहाळे म्हटलं की काका आला, आणि काका म्हटलं की मल्लेश आला.

मंजुश्रीनं ती पानं परत पोत्यात भरली.

"मला डहाळे पाह्यजेत, आई," ती म्हणाली. "आन काकाच्या हातचे पाह्यजेत. त्याच्याबिगर मी मांडवात बसणार न्हाई."

नीलाबाई संतापली. ज्यानं तुझ्या बापाला शेवटी दुखावलं त्याच्या हातचं पान माझ्या दारात येणार नाही, म्हणाली. मंजुश्रीनं वाद घातला नाही. पायात चप्पल घातली आणि भिंतीपलीकडच्या घरी निघून गेली. नवरीनं असं उंबरा ओलांडून जायचं नसतं, म्हणून गुणाबाईनं हाक मारली, पण तोवर पोर गेलीही होती.

थोड्या वेळानं ती परत आली ती डोळे पुसतच. काका नाही म्हणाले होते. कापणार नाही म्हणाले, एवढंच, आणि आत गेले. नीलाबाईनं तिला जवळ घेतलं. मी तुला सांगितलं नव्हतं का, असं ती पुनःपुन्हा म्हणत राहिली, पण तिच्या आवाजात जिंकल्याचा भाव नव्हता. तिलाही आतून वाटत होतं की त्यानं यावं. आणि मी, मित्रांनो, मी भिंतीवर पडून जिवाचं पाणी करत होते. कारण तो 'नाही' का म्हणाला ते या घरात मला एकटीलाच ठाऊक होतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा गोठ्याच्या दारात पावलं वाजली. मल्लेश आला होता. केस पांढरे झाले होते, पायात काही नव्हतं. त्यानं सरळ येऊन मला खुंटीवरून उचललं. किती वर्षांनी मल्लेशचा हात मला लागला होता. त्यानं माझ्यावरची धूळ खांद्यावरच्या उपरण्यानं पुसली, सैल तार दातात धरून आवळली, आणि मला घेऊन अंगणात आला.

नीलाबाई दारात उभी राहिली. दोघांत अंगणाएवढं अंतर होतं आणि त्यात मी.

मल्लेश खाली बघूनच बोलला. त्यानं शपथेची गोष्ट सांगितली. अण्णाला माती दिली त्या दिवशी झाडाला हात लावून काय म्हणालो ते सांगितलं. पोरीला सकाळी एवढं सांगता आलं नाही, म्हणाला. मग तो थांबला आणि म्हणाला की मी ओढून धरतो, फांदी खाली आणून देतो, पण कापणार नाही. ती शपथ मी मोडणार नाही.

नीलाबाईनं हातातली पाटी खाली ठेवली. इतकी वर्षं तिनं ज्या सावलीला त्याचा राग समजला होता, ती सावली त्यानं आपल्या पिकावर मुद्दाम घेतलेली होती.

मग कापायचं कुणी? मल्लेशच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. भाड्याचा हात चालत नव्हता. नवरीचा हात चालत नव्हता. गुणाबाईच्या हातात काठीसुद्धा थरथरायची. अंगणात तीन-चार भावकीतल्या बाया होत्या, पण त्या या घरच्या नव्हत्या; त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. घरचं एकच माणूस उरलं होतं, आणि त्या माणसाकडं कुणीच बघत नव्हतं. ते सगळ्यांना कळत होतं, नीलाबाईला सगळ्यांत आधी कळलं होतं. ती स्वतःच दोन पावलं मागं सरली.

"माझा हात नको," ती म्हणाली. "पोरीच्या शुभाच्या कामात माझा हात नको. रांडव बाईचा हात डहाळ्याला लागत न्हाई."

मल्लेशनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

"वैनी," तो म्हणाला, "त्या दिशी तुमी माझा हात नको म्हणला होता. म्या मागं झालो. आज मी तुमचा हात मागायला आलोय. तुमी मागं होऊ नका."

मंजुश्री तोंडाला ओढणी लावून उभी होती. बाया आता गुणाबाईकडं बघत होत्या, कारण रीतभात तिलाच विचारायची असते. म्हातारी काठी टेकत उठली, आत गेली आणि विळा घेऊन आली. तो तिनं नीलाबाईच्या हातात दिला. आपल्या धर्मात बाईच्या हाताला विटाळ कुठं सांगितलाय, असं ती पुटपुटली, आणि इतकी वर्षं मला हे आठवलं का न्हाई म्हणून स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

आम्ही रानात गेलो. मल्लेशनं एक डहाळा हेरला. कैऱ्यांचे घोस लोंबत होते, पानं कोवळी तांबूस होती. त्यानं मला वर चढवलं आणि बेचक्यात बसवलं. सिद्धराम बसवायचा तसंच, अलगद. मग त्यानं वजन टाकायला सुरुवात केली. मी आता म्हातारी, भुंग्यानं पोखरलेली. माझ्या मधल्या पेरात एक बारीक कळ उठली, आणि मग कर्रकन आवाज आला. मी चिरले. मल्लेशनं चिरलेल्या जागी मुठीनं आवळून धरलं. वेळूची धार त्याच्या तळव्यात घुसली, रक्त माझ्या अंगावरून खाली ओघळलं, पण त्यानं फांदी वर जाऊ दिली नाही.

"कापा, वैनी," तो म्हणाला.

नीलाबाईनं विळा लावला. तिला सवय नव्हती. एका झटक्यात तुटायचं ते तिला चार वेळा लावावं लागलं. ती रडत होती आणि कापत होती. तो तिच्याकडं न बघता धरून होता. तुटला तेव्हा डहाळा जड होऊन झपकन खाली आला, आणि खाली पदर पसरून गुणाबाई उभी होती, तिच्या एका बाजूला मंजुश्री. नवरीनं हात लावायचा नसतो, पण पोरीनं आत्याआजीच्या पदराचं टोक घट्ट धरलं होतं आणि त्या वेळी तिला कुणी टोकलं नाही. म्हातारी वजनानं वाकली, गुडघ्यावर आली, पण डहाळा जमिनीला टेकला नाही.

असे पाच डहाळे काढले. मांडव हिरवा झाला. दुसऱ्या दिवशी मंजुश्री त्या पानांखाली बसली आणि तिच्या मागं काका उभा राहिला, हाताला पट्टी बांधून. मला हे सगळं गोठ्याच्या दारातून दिसत होतं, कारण मल्लेशनं मला तिथं आणून उभं केलं होतं. संध्याकाळी पोर देवणीला गेली. मांडववाला आपली कापडं सोडवून घेऊन गेला. दोन दिवसांनी डहाळ्यांची पानं वाळली, आणि घर पुन्हा गप्प झालं. मला वाटलं, झालं, लग्नापुरतं होतं ते संपलं. लग्नापुरते रुसवे सोडणारे आणि नंतर पुन्हा धरणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

पण आठ-दहा दिवस गेले, आणि पेरणीआधीच्या एका सकाळी नीलाबाई गोठ्यात आली. तिनं मला खाली घेतलं. माझ्या चिरलेल्या पेरावर तिनं सुतळीचे वेढे घातले, आवळून गाठ मारली, वरून तेल चोळलं. मग एका हातात मी आणि एका हातात विळा घेऊन ती रानात गेली, बांधावर उभी राहिली आणि पलीकडं तोंड करून तिनं हाक मारली. या रानातून त्या रानात इतक्या वर्षांत गेलेली ती पहिली हाक.

"भावजी, या हिकडं. औंदा तुमच्या पिकावर सावली पडाया नको. तुमी वढा, मी कापते."

मल्लेश नांगरट सोडून आला. मला हातात घेतलं आणि त्याच्या बाजूला दाटलेली पहिली खांदी त्यानं खाली ओढली. नीलाबाईनं तिच्यावर विळा ठेवला, पण चालवण्याआधी थांबली आणि विचारलं, इथून का जरा वरून? तो म्हणाला, वरून, म्हणजे फुटवा राहील. तिनं वरून कापली. दुपारपर्यंत त्यांनी सावली उतरवली आणि झाडही राखलं. कापलेल्यातल्या बारीक काटक्या दोघांनी अर्ध्या अर्ध्या बांधल्या. तिची मोळी तिच्या डोक्यावर त्यानंच चढवली.

मित्रांनो, मी आता फार दिवसांची सोबती नाही. सुतळी सैल झाली की पेर पुन्हा उघडेल. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी पडून असेल तर तिला उन्हात टाकू नका, वर्षातून एकदा तेल लावा, ओल्या जमिनीवर उभी करू नका. आणि झाडाची फांदी काढायची वेळ आली, मग तुम्ही तिला खांदी म्हणा, डहाळी म्हणा, नाहीतर काटकी म्हणा, तर आधी बांधापलीकडच्या माणसाला हाक मारा. तो आला नाही तर पुन्हा मारा. सिद्धराम आणि मल्लेश दोघंही हाकेची वाट बघत बसले, आणि त्यातला एक वाट बघतच गेला.